संस्थेच्या निवडणुकीत मत गुप्त कसे राखावे: इंदूरच्या निवडणूक अधिकाऱ्यांसाठी

इंदूरमधील मराठी मंडळे, गृहनिर्माण संस्था, पतसंस्था आणि देवस्थानांचे न्यास यांच्या कार्यकारिणीची मुदत संपत आली, की कोणा तरी निवृत्त आणि निःपक्ष समजल्या जाणाऱ्या सभासदाच्या गळ्यात निवडणूक अधिकाऱ्याचे काम पडते. नियमावलीत त्याबद्दल बहुधा एकच ओळ असते: ‘मतदान गुप्त पद्धतीने घेण्यात येईल.’ ते कसे घ्यायचे, हे कोठेही लिहिलेले नसते. मागच्या वेळी जसे झाले तसेच याही वेळी होते, आणि निकालानंतर आठ दिवसांत कोणी कोणाला मत दिले याची चर्चा सुदामानगरापासून तिलकनगरापर्यंत पोहोचते. ती चर्चा बहुतेक वेळा अंदाजाची नसते, कारण मत फुटण्याच्या वाटा पद्धतीतच राहून गेलेल्या असतात. त्या कशा बुजवाव्यात, हे येथे सांगायचे आहे. लोकसभा-विधानसभेच्या निवडणुकीत रूढ असलेल्या युक्त्या जेथे उपयोगी पडतात तेथे त्यांचा आधार घेतला आहे. जेथे त्या लहान संस्थेला लागू पडत नाहीत, तेथे तसे स्पष्ट म्हटले आहे.

आधी हे ठरवावे

मत गुप्त ठेवणे म्हणजे मतदानाला कोण आले हे लपवणे नव्हे. कोण आले याची नोंद ठेवावीच लागते, नाहीतर एकाच सभासदाने दोनदा मत दिले तरी कळणार नाही. अधिकाऱ्याच्या हाती शेवटी दोन गोष्टी येतात: मतदान केलेल्यांची यादी आणि मतांचा ढीग. यादीतील कोणतेही नाव ढिगातील कोणत्याही मताशी जोडता येऊ नये, एवढेच गुप्ततेचे काम असते. क्रमांक, क्रम, हस्ताक्षर, शाई, घडी, वेळ, मतांची संख्या अशा कशानेही तो जोड लागू शकतो, म्हणून प्रत्येक व्यवस्था करताना ‘यातून यादी आणि ढीग जुळतील का?’ हा प्रश्न विचारावा.

याच्याच बरोबरीने दुसरी अट येते आणि ती सहसा विसरली जाते. मतदाराला स्वतःच्या इच्छेने आपले मत सिद्ध करता येणार नाही, अशीही व्यवस्था हवी. कारण ज्याला पुरावा देता येतो त्याच्याकडे पुरावा मागता येतो. गटप्रमुखाला ‘तुम्हालाच दिले’ असे तोंडाने सांगणारा सभासद सुरक्षित असतो, कारण त्याचे खरे-खोटे करता येत नाही. मतपत्रिकेचा फोटो दाखवू शकणारा मात्र सुरक्षित नसतो. ऑगस्ट २०१७ मध्ये गुजरातमधील राज्यसभा निवडणुकीत दोन आमदारांची मते बाद झाली, ती अनधिकृत व्यक्तीला मतपत्रिका दाखवल्याबद्दल. राज्यसभेत २००३ च्या दुरुस्तीपासून पक्षाच्या आमदाराने आपल्या पक्षाच्या प्रतिनिधीला मत दाखवायचे असते आणि सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये ती दुरुस्ती वैध ठरवली. तेथे गुप्तता मुद्दाम काढून टाकलेली आहे, तरीही कोणाला दाखवायचे आणि कोणाला नाही याची मर्यादा आहे, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

हात वर करून मतदान

ही पद्धत ठरावांसाठी ठीक आहे, व्यक्तींच्या निवडीसाठी नाही. स्वित्झर्लंडमधील ग्लारुस आणि आपेन्सेल इनरऱ्होडेन या परगण्यांत आजही नागरिक मैदानात जमून हात वर करून मत देतात. पण आपल्याकडे ज्या उमेदवाराविरुद्ध हात वर करायचा, तो समोरच्या खुर्चीवर बसलेला, व्याही नाहीतर साहेब असतो. सर्वसाधारण सभेत एखाद्याने ‘वेळ वाचवू, हात वर करा’ असे सुचवले आणि सभेने टाळ्या वाजवल्या, तरी नियमावलीत गुप्त मतदान लिहिलेले असल्यास अधिकाऱ्याने ते मान्य करू नये. ज्याला गुप्तता हवी आहे त्याला ती मागण्यासाठी उठून उभे राहावे लागले, की गुप्तता तेथेच संपलेली असते.

कागदी मतपत्रिका

शंभर ते हजार सभासदांच्या संस्थेसाठी माझ्या मते अजूनही हीच सर्वांत भरवशाची पद्धत आहे. सरकारने छापलेली, सर्वांसाठी एकसारखी मतपत्रिका मतदान केंद्रावरच द्यायची आणि आडोशाला खूण करायला लावायची, ही रीत १८५६ मध्ये ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया आणि दक्षिण ऑस्ट्रेलिया या वसाहतींनी सुरू केली. ब्रिटनने ती १८७२ मध्ये स्वीकारली. स्वतंत्र भारताच्या १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत मात्र प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी होती आणि मतदार कोरी मतपत्रिका हव्या त्या पेटीत टाकत असे. १९६२ च्या लोकसभा निवडणुकीपर्यंत शिक्का मारण्याची पद्धत रूढ झाली.

मतपत्रिका छापताना सर्वांत मोठा घोळ क्रमांकाचा होतो. हिशेब नीट राहावा म्हणून चिटणीस प्रत्येक मतपत्रिकेवर अनुक्रमांक घालतात, तोच क्रमांक स्थळप्रतीवर, म्हणजे मतपत्रिका फाडून दिल्यावर पुस्तकात उरणाऱ्या तुकड्यावर, असतो, आणि स्थळप्रतीवर सभासदाची सही घेतली जाते. स्थळप्रतींचे पुस्तक आणि मतपत्रिकांचा गठ्ठा एकाच कपाटात राहिला, की कोणाचेही मत पाच मिनिटांत काढता येते. देशाच्या कागदी मतपत्रिकांच्या पद्धतीतही क्रमांक असतो. परंतु तेथे चिन्हांकित मतदार यादीत मतपत्रिकेचा क्रमांक लिहिण्यास मनाई आहे आणि स्थळप्रतींची पाकिटे सीलबंद राहून न्यायालयाच्या आदेशाशिवाय उघडली जात नाहीत. ब्रिटनमध्येही असाच मागोवा घेता येईल असा क्रमांक मतपत्रिकेवर असतो आणि कागदपत्रे वर्षभर मोहोरबंद ठेवली जातात. म्हणजे ती गुप्तता कुलपाच्या आणि कायद्याच्या बळावर टिकते. मंडळाच्या कार्यालयातील कपाटाची किल्ली कोणाकोणाकडे असते हे आपण जाणतो. तेव्हा मंडळाने तो भरवसा धरू नये.

त्याऐवजी मतपत्रिकेच्या कोपऱ्यात छिद्ररेषा पाडून घ्यावी आणि क्रमांक फक्त त्या कोपऱ्यावर छापावा. मतपत्रिका देताना अधिकारी तो क्रमांक एका चिठ्ठीवर लिहून स्वतःजवळ ठेवतो. सभासद आडोशाला जाऊन खूण करतो, घडी घालतो आणि कोपरा बाहेर राहील अशा रीतीने मतपत्रिका घेऊन पेटीपाशी येतो. अधिकारी कोपऱ्यावरचा क्रमांक चिठ्ठीशी ताडून पाहतो, कोपरा फाडतो, चिठ्ठी आणि कोपरा दोन्ही समोरच्या डब्यात टाकतो, आणि सभासद स्वतःच्या हाताने मतपत्रिका पेटीत सोडतो. पेटीत गेलेल्या कागदावर आता क्रमांक उरलेला नसतो. या खटाटोपाचे खरे कारण वेगळेच आहे. एखाद्याने एक कोरी मतपत्रिका बाहेर नेली, की बाहेर बसलेला माणूस तिच्यावर खूण करून ती पुढच्या सभासदाच्या खिशात घालतो. तो सभासद आत जाऊन ती भरलेली मतपत्रिका पेटीत टाकतो आणि मिळालेली कोरी बाहेर आणून देतो. अशी साखळी दिवसभर चालू शकते, आणि पेटीतील मतपत्रिकांचा हिशेब जवळपास बरोबरच दिसतो. क्रमांक ताडून पाहिला, तर पहिल्याच फेरीला ती तुटते.

मतपत्रिकेच्या मागे अधिकाऱ्याची सही आणि संस्थेचा शिक्का असावा, पण तो सगळ्या मतपत्रिकांवर आदल्या दिवशी, एकाच बैठकीत मारावा. मतदाराला देताना सही केली, तर पेन बदलते, सही घाईत लांबते, शिक्क्याची शाई फिकी पडते, आणि ‘दुपारी चारनंतरच्या मतपत्रिका’ ओळखू येऊ लागतात.

कागद जाड घ्यावा. खजुरी बाजारातून आणलेल्या साध्या फोटोकॉपीच्या कागदावर गडद शिक्का मारला, तर तो मागून दिसतो. सगळ्या मतपत्रिका एकाच वेळी, एकाच गठ्ठ्याच्या कागदावर छापाव्यात. कमी पडल्या म्हणून नंतर वेगळ्या यंत्रावर काढलेल्या पन्नास प्रतींची पांढरी छटा निराळी दिसते आणि त्या कोणाला मिळाल्या हे टेबलावरच्या प्रत्येकाला आठवते.

खूण पेनाने करू देऊ नये. बरोबरची खूण प्रत्येक माणूस वेगळी करतो. कोणाची शेपटी लांब, कोणाची फुलीसारखी, आणि शाळेत मराठी शिकवलेल्या बाईंची खूण तर त्यांचे जुने विद्यार्थी लांबूनही ओळखतील. सगळ्यांनी एकच रबरी शिक्का वापरावा आणि तो दोरीने टेबलाला बांधावा. निवडणूक आयोगाच्या शिक्क्यावर फिरत्या बाणांची फुली असते, त्यामागेही विचार आहे: घडी घातल्यावर ओल्या शाईचा ठसा समोरच्या बाजूला उमटला, तर तो उलट्या दिशेने फिरलेला दिसतो आणि मूळ खूण कोणती हे कळते. साध्या गोल शिक्क्याला ही सोय नाही. तसा शिक्का मिळाला नाही, तर नावे डावीकडे आणि खुणेची चौकट उजवीकडे छापावी व पहिली घडी उभी घालायला सांगावी, म्हणजे उतरलेला डाग त्याच उमेदवाराच्या नावावर पडतो. पसंतिक्रम लिहावा लागत असल्याने पेन टाळता येत नसेल, तर ते संस्थेने द्यावे. हरियाणात २०१६ च्या राज्यसभा निवडणुकीत वेगळ्या पेनाने लिहिल्यामुळे अनेक आमदारांची मते बाद झाली आणि मोठा वाद झाला; पुढच्या वर्षी राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीसाठी आयोगाने स्वतःचीच पेने पुरवली.

पॅनेलची निवडणूक आणि सांकेतिक मते

हा भाग सविस्तर सांगणे आवश्यक आहे, कारण मंडळांच्या निवडणुकीत मत फुटण्याची ही सर्वांत सफाईदार वाट असून तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. समजा, कार्यकारिणीच्या ११ जागा आहेत आणि १८ उमेदवार एकाच मतपत्रिकेवर आहेत. गटप्रमुख आपल्या सभासदाला सांगतो: ‘आपले आठ जण तर निवडायचेच, उरलेल्या तीन खुणा मी सांगतो त्या तिघांना करायच्या.’ उरलेल्या १० नावांतून तीन नावे १२० प्रकारे निवडता येतात. म्हणजे १२० सभासदांना प्रत्येकी वेगळी त्रयी नेमून देता येते, आणि मोजणीच्या वेळी त्याचा प्रतिनिधी नुसता बसून कोणती त्रयी आली आणि कोणती आली नाही हे टिपून घेतो. मतपत्रिकेवर नाव नाही, क्रमांक नाही, तरीही ती सही केल्यासारखीच झाली. इटलीत लोकसभेच्या मतपत्रिकेवर अनेक पसंत्या लिहिता येत असत आणि तेथे मतांवर असाच पहारा ठेवला जाई; १९९१ च्या सार्वमताने पसंत्यांची संख्या एकवर आणली गेली, त्यामागे हे एक प्रमुख कारण होते. पसंतिक्रमाच्या पद्धतीत हा धोका आणखी वाढतो, कारण तेथे नावांबरोबर त्यांचा क्रमही संकेत होऊ शकतो.

यावर उपाय दोन आहेत. अध्यक्ष, उपाध्यक्ष, चिटणीस, कोषाध्यक्ष या पदांसाठी वेगवेगळ्या रंगांच्या वेगळ्या मतपत्रिका द्याव्यात आणि त्या वेगळ्या पेट्यांत टाकाव्यात, म्हणजे एका सभासदाच्या सगळ्या पसंत्या एका कागदावर एकत्र दिसत नाहीत. सदस्यपदांच्या एकत्र मतपत्रिकेच्या बाबतीत ती मोठ्याने संपूर्ण वाचून दाखवण्याची प्रथा बंद करावी. त्याऐवजी मोजणी नावाप्रमाणे करावी: सगळा गठ्ठा एका उमेदवारासाठी चाळायचा, इतर नावे झाकणारी खिडकीची पट्टी वर ठेवायची आणि फक्त त्या एका ओळीत शिक्का आहे की नाही हे प्रतिनिधींना दाखवायचे, नंतर गठ्ठा पुन्हा पिसून पुढचे नाव घ्यायचे. याला वेळ लागतो, प्रतिनिधी कुरकुर करतात आणि जेवण थंड होते. पण दोन तासांचा हा त्रास नंतरच्या दोन वर्षांच्या वैरापेक्षा परवडतो.

आडोसा, फोन आणि सोबती

आडोसा तीन बाजूंनी बंद आणि बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या वर जाईल इतका उंच असावा. फ्रिजच्या खोक्याच्या पुठ्ठ्यापासून तो छान होतो. मागे खिडकी, आरसा किंवा जिना नाही ना, हे स्वतः तेथे बसून पाहावे. मंगल कार्यालयाचे सभागृह घेतले असेल, तर छतावरच्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यांचा कोन तपासावा. आडोशाच्या वरून पाहणारा कॅमेरा त्या दिवसापुरता कापडाने झाकून घ्यावा आणि तसे प्रतिनिधींच्या समक्ष करावे.

फोन बाहेरच्या टेबलावर टोकन देऊन ठेवून घ्यावेत. ज्येष्ठ सभासदांना हा अपमान वाटतो, म्हणून सूचनापत्रातच तसे आधी छापावे. तरीही एखाद्याने फोटो काढला, तर उपाय पद्धतीतच ठेवता येतो: खूण चुकल्यास मतपत्रिका परत करून दुसरी घेता येईल, असे ठळक अक्षरांत लावावे. असा फलक असला, की फोटोत दिसणारी मतपत्रिका पेटीत गेली की रद्द झाली, हे फोटो मागणाऱ्याला कळत नाही आणि त्या फोटोची किंमत उरत नाही. रद्द मतपत्रिका न उलगडता पाकिटात घालावी.

दृष्टिहीन किंवा हात थरथरणाऱ्या सभासदासाठी सार्वजनिक निवडणुकीचा नियम तसाच उचलावा: १८ वर्षांवरील सोबती चालेल, त्याने त्या दिवशी दुसऱ्या कोणाची सोबत केलेली नसावी, आणि मत गुप्त ठेवण्याचे लेखी प्रतिज्ञापत्र द्यावे. उमेदवार आणि त्याचा प्रतिनिधी यांना सोबती होऊ देऊ नये. ज्याला दिसत नाही पण हाताने शिक्का मारता येतो, त्याच्यासाठी जाड पुठ्ठ्यात चौकटींच्या जागी भोके पाडून मतपत्रिकेवर ठेवता येईल असा साचा करावा. नावांचा क्रम त्याला आधी वाचून सांगितला, की सोबत्याची गरजच पडत नाही. मतदानयंत्राच्या मतदान एककावर ब्रेल अंक असतात, ते याचसाठी.

मतदानयंत्र काय देते आणि काय घेते

काही मोठ्या संस्था भाड्याने मतदानयंत्र आणतात, म्हणून थोडे सांगतो. लोकसभेच्या मतदानात स्थळप्रत आणि क्रमांकित मतपत्रिका नसते. नमुना १७ अ च्या नोंदवहीत सभासदासारखीच मतदाराची सही होते आणि यंत्राला तो कोण हे ठाऊक नसते. दिलेले मत छापून दाखवणाऱ्या व्हीव्हीपॅट यंत्राची चिठ्ठी सात सेकंद काचेमागे दिसते आणि कापली जाऊन बंद पेटीत पडते, मतदाराच्या हाती येत नाही, त्यामुळे तिचा पुरावा होत नाही. हस्ताक्षर, घडी, शाई हे सगळे प्रश्न मिटतात. मात्र १७ अ ही नोंदवही क्रमाने भरली जाते, म्हणून यंत्रातून मतांचा क्रम बाहेर येऊ न देणे ही गुप्ततेची किल्ली ठरते. भाड्याच्या खासगी यंत्राबाबत पहिला प्रश्न हाच विचारावा: मतांची नोंद क्रमाने किंवा वेळेसह साठते का, आणि साठत असल्यास ती कोण वाचू शकतो? उत्तर गुळमुळीत मिळाले, तर कागदावर मतदान घ्यावे.

यंत्राने घेतलेली गोष्ट म्हणजे मिसळण्याची सोय. कागदी मतपत्रिकांच्या काळात अधिसूचित मतदारसंघांत अनेक केंद्रांच्या मतपत्रिका एकत्र करून मोजता येत. यंत्राची मोजणी केंद्रनिहाय होते आणि नमुना २० या निकालपत्रकात केंद्रनिहाय आकडे येतात, त्यामुळे कोणत्या वस्तीने कोणाला साथ दिली हे उघड होते. चौदा यंत्रे जोडून एकच बेरीज दाखवणारे टोटलायझर यंत्र आयोगाने २००८ मध्ये सुचवले, विधी आयोगानेही २०१५ च्या २५५ व्या अहवालात त्याची शिफारस केली, पण ते वापरात आलेले नाही. गीरच्या जंगलातील बाणेज येथे एका मतदारासाठी मतदान केंद्र उभारले जाते, त्याचे लोक कौतुक करतात. मात्र तेथील आकडा वेगळा छापला, तर तो एका माणसाचे मत असतो.

लहान ढीग

बाणेजचा प्रश्न मंडळांत जागोजागी असतो. महूच्या शाखेची वेगळी पेटी, महिला विभागाची वेगळी, टपालाने आलेल्या मतांचे वेगळे पाकीट. एखाद्या शाखेत नऊ मते पडली आणि नऊही एकाच उमेदवाराला मिळाली, तर नऊ जणांची मते जाहीर झाली. कोणी नियम मोडला नाही, नुसत्या बेरजेने झाले. म्हणून शाखांच्या पेट्यांतील मतपत्रिकांची फक्त संख्या मोजावी, त्या न उलगडता एका चादरीवर ओताव्यात, सर्व पेट्यांच्या मतपत्रिका दोन्ही हातांनी कालवाव्यात आणि मगच उलगडाव्यात. अरुंद पेटीत मतपत्रिका पडल्या त्याच क्रमाने चवडीसारख्या बसतात, त्यामुळे एकच पेटी असली तरी कालवणे टाळू नये. सह्यांची वहीही त्याचसाठी वर्णानुक्रमे छापलेली असावी आणि सभासदाने आपल्या नावासमोर सही करावी. आले तसे नाव लिहिण्याची वही ठेवली, तर पहिली सही आणि तळाची मतपत्रिका यांची गाठ पडायला वेळ लागत नाही. वहीत वेळ कधीही लिहू नये.

कार्यकारिणीच्या ११ सदस्यांनी आपल्यातून अध्यक्ष निवडायचा असेल, तर गणित आणखी निर्दय होते. निकाल १०-१ लागला आणि हरलेल्याने स्वतःला मत दिले असेल, तर उरलेल्या दहा जणांनी काय केले हे त्याला तत्क्षणी कळते. येथे पेटी, शिक्का, आडोसा कशाचाच उपयोग नाही. नियमावली परवानगी देत असेल, तर अधिकारी आणि दोन निरीक्षकांनी आकडे सीलबंद इतिवृत्तात ठेवावेत आणि सभेत फक्त विजयी नाव सांगावे. आकडे लपवल्याने हेराफेरीचा संशय येतो, हा आक्षेप खरा आहे. म्हणून हा मार्ग अगदी लहान मतदारवर्गापुरताच वापरावा आणि निरीक्षक दोन्ही बाजूंचे असावेत.

‘कोणीही नाही’

मत न देण्याची इच्छाही गुप्त राहिली पाहिजे. २०१३ पूर्वी लोकसभेत कोणालाच मत द्यायचे नसेल, तर नियम ४९-ओ प्रमाणे अधिकाऱ्याला तसे सांगावे लागे आणि नोंदवहीत शेरा व सही होई. सर्वोच्च न्यायालयाने २७ सप्टेंबर २०१३ रोजी हे गुप्ततेच्या विरुद्ध ठरवले आणि यंत्रावर नोटाचे बटण आले. २०२४ मध्ये इंदूर लोकसभा मतदारसंघात काँग्रेसच्या उमेदवाराने माघार घेतल्यावर नोटाला २,१८,६७४ मते पडली. जुना नियम असता, तर तेवढ्या इंदूरकरांना केंद्रावर उभे राहून सर्वांसमक्ष सही करावी लागली असती. किती जणांनी केली असती याचा अंदाज ज्याने त्याने करावा. मंडळाच्या मतपत्रिकेवरही शेवटची ओळ ‘वरीलपैकी कोणीही नाही’ अशी असावी. ती नसली, तर नाराज सभासद मतपत्रिका न घेताच परत जातो आणि ते सर्वांना दिसते.

टपाल, प्रॉक्सी आणि ऑनलाइन

मुलांकडे पुण्याला किंवा परदेशात गेलेल्या सभासदांसाठी टपाल मतदान ठेवायचे असेल, तर दोन पाकिटांची पद्धत घ्यावी. आतल्या पाकिटात फक्त मतपत्रिका असावी आणि त्यावर काहीही लिहिलेले नसावे. बाहेरच्या पाकिटात ते आतले पाकीट आणि सहीचे घोषणापत्र असावे. मोजणीच्या दिवशी आधी सगळी बाहेरची पाकिटे उघडून घोषणापत्रे तपासावीत, ती बाजूला करून कुलपात ठेवावीत, आतली पाकिटे कालवावीत, आणि त्यानंतरच उघडून त्यांतील मतपत्रिका मुख्य ढिगात टाकाव्यात. एकेक पाकीट पूर्ण उघडून मग दुसरे घेणे ही नेहमीची चूक आहे. शिवाय घरी भरलेल्या मतपत्रिकेजवळ कोण उभे होते, हे कोणतेही पाकीट सांगू शकत नाही. म्हणून टपालाची मुभा बाहेरगावच्या सभासदांपुरतीच द्यावी.

मुखत्यारपत्रावर दुसऱ्याने मत देणे, म्हणजे प्रॉक्सी, यात गुप्तता असूच शकत नाही. नियमावलीत ती तरतूद असल्यास पुढच्या सभेत काढून टाकण्याचा ठराव आणावा.

व्हॉट्सॲपच्या गटातील मतचाचणीत कोणी कशाला मत दिले हे गटातील सर्वांना दिसते. सहलीची तारीख ठरवायला ती चालेल, पदाधिकारी निवडायला नाही. गूगल फॉर्ममध्ये ईमेल गोळा करणे बंद ठेवले तरी उत्तरांच्या तक्त्यात प्रत्येक ओळीपुढे तारीख व वेळ उमटते, आणि ‘आत्ताच भरला’ असा निरोप गटात टाकणाऱ्याची ओळ शोधणे मुळीच अवघड नसते. विशेषतः या कामासाठी बनवलेली साधने वेगळी आहेत. एस्टोनियात २००५ पासून इंटरनेटवर मत देता येते. तेथे दोन पाकिटांचीच कल्पना सांकेतिक लिपीत वापरलेली आहे, आणि दबावाखाली मत दिलेल्याला नंतर पुन्हा मत देता येते व शेवटचे मत धरले जाते. २००८ मध्ये आलेली हेलिओस ही ऑनलाइन मतदानाची प्रणाली अनेक संस्था वापरतात, पण तिच्या कर्त्यांनीच ती जेथे मतदारांवर दबाव कमी असतो अशा निवडणुकांसाठी सुचवली आहे. ज्या मंडळात पॅनेलची लढत चुरशीची आहे, तेथे फोनवरचे मतदान म्हणजे गटप्रमुखाच्या दिवाणखान्यात बसून दिलेले मतदान ठरण्याचा संभव मोठा असतो. बिनचुरशीच्या निवडणुकीत आणि विखुरलेल्या सभासदांसाठी अशी साधने वापरायला हरकत नाही.

निकालानंतर

लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ च्या कलम १२८ नुसार मतदानाची गुप्तता मोडणाऱ्या अधिकाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकते, आणि कलम ९४ नुसार कोणालाही आपले मत सांगण्याची सक्ती करता येत नाही. ही कलमे मंडळाच्या निवडणुकीला लागू होत नाहीत. म्हणून अधिकारी, मोजणीस बसलेले आणि प्रतिनिधी यांच्याकडून मोजणीपूर्वीच गुप्ततेची लेखी हमी घ्यावी, आणि ती मोडल्यास काय होईल हे नियमावलीत लिहावे. मोजणी संपल्यावर मतपत्रिका, घोषणापत्रे आणि सह्यांची वही तीन वेगळ्या पाकिटांत सील करून वेगवेगळ्या दोन व्यक्तींकडे द्यावीत. मतपत्रिका आणि वही एकाच हाती जाऊ नयेत. सार्वजनिक निवडणुकीत निवडणूक याचिकेसाठी निकालापासून ४५ दिवस असतात. संस्थेच्या नियमावलीत आक्षेपाची मुदत दिलेली नसेल, तर तेवढीच धरावी. कोणी आक्षेप घेतला असल्यास त्याचा निकाल लागेपर्यंत पाकिटे राहू द्यावीत. त्यानंतर दोन्ही बाजूंच्या एकेका माणसासमक्ष पाकीट न उघडता मतपत्रिका कागद कापण्याच्या यंत्रात घालाव्यात, आणि तशी नोंद पुढच्या इतिवृत्तात तारखेसह करावी.